आधी उत्सव, मग ताट

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं सुराध्यक्षाचं प्रकरण मी अधूनमधून निव्वळ करमणूक म्हणून वाचतो. सुराध्यक्ष म्हणजे मद्यविक्रीवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी. दारू कुणी गाळावी, कुठे विकावी, कुणाला किती बाहेर नेऊ द्यावी, याचे नियम सांगता सांगता कौटिल्य मध्येच पानगृहाच्या सजावटीकडे वळतो. तिथे अनेक दालनं असावीत, बसण्या-निजण्याची सोय वेगवेगळी असावी, गंध, फुलं, पाणी असावं आणि ज्या त्या ऋतूत तिथे बरं वाटावं. एवढं आतिथ्य उरकलं की लगेच हेर येतात. कोण नेहमीचा खर्च करतो आणि कोण एकाएकी हात सैल सोडतो, हे त्यांनी गुपचूप टिपायचं. याच प्रकरणातल्या दोन गोष्टी नाशिकला गेलं की मला हटकून आठवतात. एक अशी की द्राक्षाच्या रसाच्या मद्याला 'मधु' म्हटलं असून कापिशायन आणि हारहूरक ही त्याची नावं दिली आहेत. पैकी कापिशायन जिथलं ती कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचा मुलूख. दुसरी अशी की उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवस मद्याची मोकळीक द्यावी.

द्राक्षाचं मद्य तेव्हाही मुलखाच्या नावानं ओळखली जाणारी, लांबून आलेली चीज होती तर. आणि माणसं एरवी जे करत नाहीत ते जत्रेत करतात, हे सरकारलाही तेव्हापासून ठाऊक होतं. महाराष्ट्रातल्या वाइनचा आजवरचा प्रवास मला या दोन वाक्यांत बराचसा सापडतो. आपल्याकडे वाइन जत्रेच्या वाटेनं आली. जेवणाच्या ताटाशी ती अजून पोचायची आहे.

युरोपात उलट झालं. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हव्हे नावाचं गाव आहे. त्याच्या आसपासच्या उतारांवर मध्ययुगातल्या मठवाशांनी दगडी बांध घालून द्राक्षमळे उभे केले. गावातला द्राक्षकामकऱ्यांचा संघ मळ्यांची तपासणी करायचा आणि ज्या मजुरानं वेल उत्तम राखली असेल त्याला बक्षीस द्यायचा. त्यातूनच पुढे तिथला उत्सव वाढला. १७९७ साली उत्तम कामकऱ्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा मुकुट चढवला गेला. तेव्हापासून साधारण पिढीतून एकदा हा उत्सव भरतो. अलीकडचा २०१९ मध्ये झाला. हजारो गावकरी नाचतात, गातात, सरोवराच्या काठी भव्य रंगमंच उभा राहतो, पण मुकुट मिळतो तो दुसऱ्याच्या मळ्यात राबणाऱ्याला. गावाला वाइन कशी लागते हे पाहायला उत्सवाची वाट बघावी लागत नाही. ती रोज दुपारी चीज आणि पावाबरोबर टेबलावर असतेच.

नाशिकचा क्रम बघा. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची लागवड केली. आई सुलभा, म्हणून वाइनचं नाव सुला. पहिली बाटली २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले गेले. २००५ मध्ये सुलाची टेस्टिंग रूम उघडली आणि २००८ मध्ये पहिला सुलाफेस्ट झाला. पहिल्या बाटलीपासून पहिल्या उत्सवापर्यंत आठ वर्षं. एवढ्या अवधीत एखाद्या भागाच्या जेवणाची सवय बदलत नाही. पर्यटनाची मात्र बदलते, आणि नाशिकची बदलली. त्र्यंबकेश्वर, पंचवटी आणि वाइनरी अशी यादी हातात घेऊन येणारी कुटुंबं आता कुणाला नवलाची वाटत नाहीत.

याआधी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन केली आणि ती 'ओमर खय्याम' या नावानं परदेशात गेली. पिंपळगाव बसवंतच्या सहकारी कारखान्यानंही फेसाळ वाइन काढून पाहिली. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारातून शॅम्पेनच्या पद्धतीची बाटली निघावी, ही कल्पना मला आजही फार आवडते. साखर कारखाने, दूध संघ यांच्याच वळणानं ती सुचली असणार. पण या साऱ्या उद्योगाची नजर निर्यातीवर किंवा पंचतारांकित हॉटेलांवर होती. शेजारच्या घरात रात्रीच्या जेवणाला ही बाटली उघडली जाईल, असं त्या वेळी कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

सुलाफेस्ट फेब्रुवारीत भरतो. मधली काही वर्षं बंद राहून तो २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. दिवसा ऊन चांगलं लागतं, सूर्य धरणाकडे कलला की एकदम गारवा सुटतो. उघड्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मुंबई-पुण्याची तरुण गर्दी, केसांत फुलांचे गजरे नव्हे तर मुकुट, स्टेजवर बँड, बाजूला खाण्याचे स्टॉल. लाकडी टबात द्राक्षं टाकलेली असतात आणि लोक पाचपाच-सहासहा जण आत उतरून ती तुडवतात. पायांचे फोटो निघतात. त्या रसाची वाइन अर्थातच कुणी करत नाही. खरी द्राक्षं केव्हाच यंत्रात दाबली जाऊन पोलादी टाक्यांत थंड होत असतात. पोर्तुगालमध्ये दोउरोच्या खोऱ्यात काही चांगल्या पोर्टसाठी आजही दगडी हौदांत पायांनी द्राक्षं तुडवतात, पण तिथे ते रात्रीचं, कंबर मोडणारं काम असतं. इथे तो खेळ आहे, आणि खेळ म्हणून बघितला तर त्यात वाईट काही नाही.

वाइन चाखण्याच्या दृष्टीनं अशा उत्सवासारखी गैरसोयीची जागा नसेल. प्लास्टिकच्या ग्लासात वास साठत नाही. व्हाइट वाइन बर्फातून निघते तेव्हा इतकी गार असते की तिला चव नसते, आणि चव यायला लागेपर्यंत ती उन्हानं कोमट झालेली असते. शेजारी कबाबांचा धूर आणि सनस्क्रीनचा वास. अशा वेळी 'हिच्या शेवटच्या घोटात लिंबाची साल जाणवते' वगैरे बोलणाऱ्या माणसापासून मी दोन हात लांब राहतो. तिथे वाइन हे निमित्त असतं, आणि ते ठीकच आहे.

तरीही त्या गर्दीत एक गोष्ट मला दर वेळी नव्यानं दिसते, ती बायकांची. महाराष्ट्रात दारू पिण्याची सार्वजनिक जागा म्हणजे परमिट रूम. अंधारी, काचा काळ्या केलेली, आत फक्त पुरुष. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्यासाठी परवाना लागतो. तो आजही लागतो, आणि त्यावर मद्य आरोग्य राखण्यासाठी घेतलं जात असल्याचा उल्लेख असतो. कौटिल्याच्या पानगृहातली फुलं आणि ऋतुसुख या खोल्यांत कुठे औषधालाही नाही; हेर मात्र असतात, निदान ओळखीचं कुणी बघेल ही धास्ती तरी. टेस्टिंग रूम आणि वाइनचा उत्सव या आपल्याकडच्या बहुधा पहिल्या जागा, जिथे मध्यमवर्गीय घरातली बाई उजेडात, आईवडील किंवा नवऱ्यासोबत, ग्लास हातात घेऊन बसली तरी कुणी वळून बघत नाही. साठीच्या एखाद्या आजी नातीच्या आग्रहानं घोटभर रोझे घेतात आणि 'कोकम सरबतच की गं हे' म्हणून ग्लास परत देतात. त्यांचा अभिप्राय रंगापुरता अगदी बरोबर असतो.

अथेन्समध्ये अँथेस्टेरिया नावाचा सण साधारण याच सुमारास, फेब्रुवारीच्या आसपास, तीन दिवस चालायचा. शरदात केलेली वाइन तेव्हा तयार झालेली असायची. पहिल्या दिवशी मातीचे मोठे रांजण उघडायचे आणि आधी देवाला नैवेद्य दाखवायचा. दुसऱ्या दिवशी पिण्याची स्पर्धा. पण ती चमत्कारिक होती: प्रत्येकानं आपापल्या टेबलाशी, आपापल्या सुरईतून, कुणाशीही न बोलता प्यायचं. आईच्या खुनाचं पाप लागलेला ओरेस्टिस अथेन्सला आला तेव्हा त्याला हाकलता येईना आणि सोबत बसवून पाजताही येईना, म्हणून राजानं ही युक्ती काढली अशी कथा आहे. तिसरा दिवस मृतांचा. या सणात गुलामही सामील व्हायचे आणि तीन वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढायचा. हजारो माणसं एका वेळी गप्प बसून पीत आहेत, या चित्राची मला सुलाफेस्टच्या स्पीकरसमोर उभं असताना फार असूया वाटते.

माझं मत विचाराल तर वाइनरीला जायचं ते उत्सव नसताना, मधल्या वारी, सकाळी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाग हिरवी असते. जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी. टेस्टिंग रूममध्ये जाण्याआधी जमलं तर बागेत जावं, कारण इथली खरी विलक्षण गोष्ट ग्लासात शिरण्याआधीच घडून गेलेली असते. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते, पानं गाळते, वसंतात जागी होते. नाशिकच्या हवेत तिला झोप लागतच नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तीत नवी काडी तयार होते आणि काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची सूक्ष्म बीजं धरतात. मग पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिच्यावर फळ. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची, डाऊनी आणि भुरी हे रोग येऊ नयेत म्हणून फवारण्या करायच्या, आणि ऐन मणी भरताना अवकाळी पाऊस नको म्हणून आभाळाकडे बघत बसायचं. वेलीला जागी ठेवून ऋतू बनवून देण्याचा हा उद्योग आहे. चौदाव्या शतकात इब्न बतुता दौलताबादला आला तेव्हा इथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येतं, याची त्यानं आवर्जून नोंद केली. मोरोक्कोहून निघालेल्या माणसालाही ते नवल वाटलं, आणि बोर्दोहून येणाऱ्या तज्ज्ञांना आजही वाटतं.

वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांपेक्षा लहान, बियांची, जाड सालीची. थॉमसन किंवा सोनाका खाऊन वाढलेल्या माणसाला शिराझचा मणी तोंडात टाकल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. साल चावत राहते, बी कडवट लागते, गोडी मात्र खायच्या द्राक्षाला मागे टाकते. रंग आणि तुरटपणा सालीतून येणार, त्यामुळे साल जाड हवी. नाशिकच्या उन्हात साखर झपाट्यानं चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्यानं उतरतो. म्हणून तोडणीचा दिवस ठरवणं हेच इथल्या वाइनमेकरचं निम्मं कसब. एक आठवडा उशीर झाला तर वाइन जड आणि आळसट होते. त्यामुळे मला इथल्या रेड वाइनपेक्षा व्हाइट आणि फेसाळ वाइन जास्त विश्वासाच्या वाटतात. फेसाळ वाइनसाठी द्राक्षं मुद्दाम लवकर, आंबट असताना तोडतात, म्हणजे इथल्या उन्हाशी भांडणच राहत नाही. शॅम्पेनमधल्या बड्या कंपनीनं आपल्या शाँदोन या फेसाळ वाइनसाठी दिंडोरीच निवडली, त्यात आश्चर्य काही नाही.

दिंडोरी, निफाड, इगतपुरी भागात वाइनरीला कराराने द्राक्षं देणारे बागायतदार भेटतात. त्यांतले बरेच माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला वारी, कांदा-लसूणही एकादशीला वर्ज्य. ते ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, किती भरला, गाडी किती वाजता आली, दर काय मिळाला हे इतक्या तपशिलात सांगतात की त्यांच्याइतकं त्या वाइनबद्दल कुणाला ठाऊक नसेल. मात्र ती चाखलीत का, असं विचारलं की हसतात आणि चहा ठेवायला सांगतात. बर्गंडीतला द्राक्षकरी दुपारी स्वतःच्या मळ्याची वाइन घेऊन जेवायला बसतो. तिच्यात काही बिघडलं तर सर्वांत आधी त्याच्या जिभेला कळतं. आपल्याकडे पिकवणारा आणि पिणारा यांच्यामध्ये कसारा घाट आहे. या अंतराला मी दोष देत नाही. वारकऱ्याची माळ ही त्यानं स्वतः घेतलेली शिस्त आहे, आणि दारूनं घर धुऊन गेलेलं प्रत्येकानं पाहिलेलं असतं. याच महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असायची, आणि आडवी निवडून आली की गाव जिंकलं. तळघरात बुचाच्या बाटल्या आडव्या रचून ठेवलेल्या दिसल्या की मला क्षणभर त्या निवडणुकीची आठवण येते. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हा अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय कागदावरच राहिला. शेतकऱ्याचा फायदा हे कारण सरकारनं पुढे केलं, घराची काळजी हे विरोधकांनी. ती वाइन जेवताना कशी लागेल, हा मुद्दा अख्ख्या वादात कुणी काढला नाही.

टेस्टिंग रूममधला मुलगा किंवा मुलगी ओळीनं पाच-सहा वाइन ओततात आणि पाठ केलेलं सांगतात: ब्लॅककरंट, गूजबेरी, व्हायोलेट. समोरच्या दहा जणांपैकी कुणी गूजबेरी खाल्लेली नसते. शिराझमध्ये जांभूळ आहे, शेनिनमध्ये पिकला पेरू आहे, सोव्हिन्योंमध्ये हिरवी ढोबळी मिरची आणि कैरीची साल आहे असं सांगितलं तर निदान मान डोलावता तरी येईल. शिराझमध्ये आणखी एक वास सापडतो, मिऱ्याचा. तो कल्पनेतला नाही. रोटंडोन नावाचा रेणू शिराझच्या सालीत असतो आणि तोच काळ्या मिऱ्यातही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे २००८ च्या सुमारास दाखवून दिलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्री व्यापाराच्या ग्रीक पुस्तिकेत भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, इटालियनला अधिक पसंती असल्याची टीपही आहे. मलबारहून जाणाऱ्या मालात मिरे आहेत. ती वाइन ज्या उंच मातीच्या कुंभांतून यायची त्यांची खापरं आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननात मिळाली. मिरे देऊन वाइन घेतलेल्या या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांनी मिऱ्याच्या वासाचं द्राक्ष पिकतं, या योगायोगात मला टेस्टिंग नोट्सच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त रस वाटतो.

आणि नाकावर फार भिस्त ठेवू नये हेही खरं. फ्रेडरिक ब्रोशे यानं बोर्दोमध्ये वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन खाण्याच्या रंगानं लाल करून दिली. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. तो निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून वाइनची टिंगल करणाऱ्यांचं तो हक्काचं हत्यार आहे. मला त्यातून वेगळंच दिसतं: आपण वाइन नाकानं पितो तितकीच डोळ्यांनी आणि ऐकीव गोष्टींनीही पितो. बागेत जाऊन आलेल्या माणसाला तीच शेनिन जास्त आवडते. त्यात लबाडी नाही, तो माणसाच्या चवीचा स्वभावच आहे.

रेस्तराँमध्ये मात्र या स्वभावाचा पुरेपूर फायदा घेतला जातो. आधी किंमत. दुकानातल्या बाटलीच्या दुप्पट-तिप्पट किंमत यादीत असते, आणि ग्लासाच्या हिशेबानं घेतली तर त्याहून महाग पडते. मग तो सोहळा: वेटर बाटलीचं लेबल दाखवतो, घोटभर ओततो आणि यजमानाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. या घोटाचा उद्देश वाइन आवडली का हे विचारणं नसून बुचाच्या बुरशीनं ती बिघडली आहे का हे तपासणं असतो; तसं झालं तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. नाशिकच्या बहुतेक बाटल्यांना आता बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं. तरी वेटर घोटभर ओततो, यजमान डोळे मिटून मान हलवतो, आणि टेबलावरचे सगळे श्वास रोखून निकालाची वाट बघतात. आपल्याकडे विधी टिकतात ते असे.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम थंड, दगडी घरांच्या देशात ठरला. पुण्यात एप्रिलमध्ये खोली तिशीच्या पुढे असते आणि बारमागच्या फळीवरची बाटलीही तितकीच गरम. तिला पंधरा-वीस मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवा, असं बिनदिक्कत सांगावं. वेटरच्या भुवया चढतील. चढू द्याव्यात.

मग जेवण. इथे आपल्याकडचे वाइनप्रेमी उगीच खट्टू होतात. पुस्तकांत लिहिलेलं असतं की माशाबरोबर ही, मटणाबरोबर ती, शेवटी गोडाबरोबर तिसरी. आपल्या ताटात तर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, भात आणि गोड एकाच वेळी येऊन बसलेलं. वाइन कुणाशी जुळवायची? म्हणून मग वाइन मागवली की पिझ्झा मागवायचा, असा तोडगा निघतो. वाइनरींच्या उपाहारगृहांतही त्याचीच चलती असते. पण एकामागून एक पदार्थ वाढण्याची ती पद्धत फ्रान्समध्येही जुनी नाही. पॅरिसमध्ये ती १८१० च्या सुमारास रशियाचा राजदूत अलेक्झांडर कुराकिन यानं आणली असं मानलं जातं आणि एकोणिसावं शतक सरता सरता ती रुळली. त्याआधी फ्रेंच मेजवानीतही अनेक पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जायचे आणि ज्याला जे जवळ असेल ते तो खायचा. बर्गंडी आणि बोर्दो तेव्हाही होत्या, लोक त्या पीतही होते. एका पदार्थाला एक वाइन हे गणित त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं, तर माझ्या थाळीवर का असावं?

थाळीला लागते ती भांडण न करणारी वाइन. मिरचीचा दाह जिभेवरच्या ज्या ग्राहकांना जागवतो त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं, त्यामुळे तांबड्या रश्श्याबरोबर जड, तुरट कॅबरने म्हणजे आगीत तेल. तिथे किंचित गोडसर, गार शेनिन हवी. पांढऱ्या रश्श्याला मात्र थोडी धिटाई परवडते. रवा लावून तळलेले बोंबील, सुरमईची तुकडी, किंवा साधी कोथिंबीर वडी यांच्यासोबत फेसाळ वाइन. तिच्या बुडबुड्यांनी आणि आंबटपणानं तेल कापलं जातं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. साबुदाणा वड्याबरोबर ती घेतल्यापासून मी उपासाच्या पदार्थांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो आहे, अर्थात उपास नसलेल्या दिवशी. सोलकढीच्या शेजारी कुठलीच वाइन टिकत नाही, कोकमाचा आंबटपणा तिला फिकी पाडतो. चिंचगुळाच्या आमटीशी कोरडी वाइन आंबट ढाण लागते, कारण पदार्थ वाइनहून गोड असला की वाइन हरते. गोव्यात नाताळाला केकसोबत गोड पोर्ट देतात, त्यामागे हेच शहाणपण असावं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि थोडीशी गार केलेली हलकी शिराझ मात्र घरी करून बघण्यासारखी आहे. भरताचा धूर आणि शिराझचे मिरे एकमेकांना ओळखतात.

आणि पुरणपोळी? हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, बहुधा खोडी काढायला. उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन मिळते, ती काढून बघितली. पुरणापुढे तीही आंबट लागली. पुरणपोळीबरोबर तूपच. वाइन हवीच असेल तर ती पोळी येण्याआधी, भज्यांबरोबर संपवावी.